ॲन्सेल्मभाऊंचा उजवा हात

सुरा कसा चुकवायचा हे शिकण्याचं ॲन्सेल्मभाऊंचं वय नव्हतं आणि माझं अंग नव्हतं. तरी शहाऐंशी साली, ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या दिवसांत, आम्ही दोघं दर रविवारी दुपारी चर्चमागच्या हॉलमध्ये जोडीनं उभे राहायचो. ते मला भोसकायचे, मी त्यांना भोसकायचो, वस्ताद दोघांवर ओरडायचे. मग घरी जाऊन आपापल्या बायकांची बोलणी खायची.

ॲन्सेल्मभाऊ माझे शेजारी. भुईगावच्या रस्त्याला लागून त्यांची केळीची आणि पानवेलीची वाडी, वाडीच्या एका टोकाला त्यांचं घर आणि कुंपणापलीकडे माझं. मी शाळेत चित्रकलेचा मास्तर. भाऊ पन्नाशी ओलांडलेले, काटक, पाठीत किंचित वाकलेले. पहाटे उठून केळीचे लोंगर कापायचे, टेंपो येईपर्यंत ते रस्त्याकडेला रचायचे, मग वाडीला पाणी, मग वेलींची बांधणी, मग परत पाणी. मुलगी लग्न होऊन बाहेरदेशी गेलेली, मुलगा नाही. हातातलं काम दुसऱ्या हातात द्यायला घरात कुणी नव्हतं. कसं काय भाऊ, असं विचारलं की बाकीचे लोक ‘बरं आहे’ म्हणतात, हे ‘दमलो’ म्हणायचे. तक्रार म्हणून नव्हे. जे होतं ते सांगायचे.

त्यांच्या कमरेला मागच्या बाजूला आकडी असायची. आमच्याकडच्या वाडीवाल्यांची ही जुनी रीत आहे. कमरेच्या पट्ट्याला मागं एक लाकडी आकडी बांधायची आणि तिच्यात कोयता अडकवायचा. दोन्ही हात मोकळे राहतात, आणि लागेल तेव्हा उजवा हात मागं नेला की न बघता मूठ सापडते. पान कापायचं, हात मागं. लोंगर उतरवायचा, हात मागं. साप दिसला, कुत्रं भुंकलं, पाहुण्याला शहाळं द्यायचं, हात मागंच. भाऊंची आकडी त्यांच्या वडिलांच्या वेळची, झिजून गुळगुळीत झालेली. चर्चमध्ये मिस्सेच्या उपासनेला जाताना काय ती उतरायची. त्यांची बायको, बेटीबाय, सांगायची की लग्नात वेदीसमोर फादरांनी अंगठी मागितली तेव्हासुद्धा यांचा हात आधी मागं गेला होता.

अशा माणसाचं सुऱ्याशी काय देणंघेणं? तर विहिरीपायी. नालासोपाऱ्याच्या पूर्वेला, आचोळ्याच्या बाजूला, तेव्हा एकामागून एक बिल्डिंगी उठत होत्या आणि नळाला पाणी नव्हतं. पाणी टँकरनं जायचं. टँकर भरायला गोड्या पाण्याच्या विहिरी लागायच्या, त्याही रस्त्याला लागून. भाऊंची विहीर नेमकी रस्त्याच्या कोपऱ्यावर, आणि मे महिन्यातसुद्धा तिचा तळ दिसायचा नाही. टँकरवाल्यांनी आधी गोडीत विचारलं, विहिरीसकट कोपरा विकता का. भाऊ नाही म्हणाले. विहीर गेली की वाडी गेली, हे समजायला काही शिकावं लागत नाही. पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. मग एक दिवस एक तरणाबांड माणूस एकटाच आला.

तो विहिरीच्या कठड्यावर बसला. झाडावरच पिकलेलं एक केळं त्यानं तोडलं, खिशातून सुरा काढला, केळ्याच्या चकत्या केल्या आणि भाऊंकडे बघत एकेक खाल्ली. भाऊंचा हात मागं गेला. तो उठला आणि भाऊंच्या कोपराकडे बघून म्हणाला, ‘काढ ना. काढ.’ भाऊंनी कोयता काढला नाही. ‘पुढच्या टायमाला काढशील,’ असं म्हणून तो केळ्याचं साल विहिरीत टाकून निघून गेला.

पोलिसांत तक्रार लिहून झाली, पण तक्रार काही वाडीत पहारा देत नाही. बेटीबाय फादरांकडे गेली. तिचं मागणं सरळ होतं. विहीर राहो की जावो, माझा माणूस रोज संध्याकाळी घरी आला पाहिजे, तेवढं बघा. फादर प्रार्थना करू म्हणाले आणि केलीही असेल, पण ते व्यवहारी माणूस होते. त्यांनी शत्रुघ्न वस्तादांना बोलावणं धाडलं.

वस्ताद आचोळ्याकडचे, खाडीकाठच्या भातशेतीवाल्या घरातले. मुंबईच्या गोदीत त्यांनी पहारेकरी म्हणून आयुष्य काढलं होतं, आणि तिथं नको त्या लोकांशी त्यांची गाठ पडली होती. त्यांचा डावा हात बघितला की भाजी चिरायची फळी आठवायची. आम्हाला वाटलं, हा गडी आता हवेत उड्या मारायला शिकवणार. व्हिडिओवर तसले सिनेमे बघून गावातली अर्धी माणसं मनातल्या मनात पैलवान झालीच होती. पहिल्या रविवारी हॉल भरला.

वस्तादांनी विचारलं, चाकूवाला समोर आला तर काय कराल? एकजण म्हणाला मनगट धरीन, दुसरा म्हणाला लाथ घालीन, तिसऱ्यानं तर लाथ घालूनच दाखवली आणि बाकावर पडला. वस्तादांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

‘पळायचं,’ ते म्हणाले. ‘तो मागंल ते द्यायचं आनि पळायचं. पळायला वाट नसंल तर मंग पुढचं.’

पुढचं म्हणजे काय, तेही त्यांनी सांगितलं. सुरा आहे म्हटल्यावर कापलं जाणारच. कुठं कापून घ्यायचं एवढंच आपल्या हातात असतं. गळा नाही, पोट नाही, हाताची आतली बाजू नाही. हाताची बाहेरची बाजू द्यायची आणि त्या एका वाराच्या मोबदल्यात पळायला वाट मिळवायची. दुसऱ्या रविवारी निम्मी माणसं आली नाहीत. शौर्य शिकायला आलेल्याला पळायला शिकवलं की त्याला रविवारी दुपारी गाढ झोप लागते.

भाऊ मात्र आले. पहिल्याच दिवशी त्यांनी वस्तादांना विचारलं होतं की तो विहीर मागतो, विहीर कशी द्यायची? वस्ताद म्हणाले होते, ‘ते तुमचं तुमी ठरवा. माझ्याकडं विहिरीचा डाव नाय. जिवाचा हाय तेवढा शिकवतो.’

शिकायचा सुरा म्हणजे केळीच्या पानाचा दांडा, वीत-दीड वीत कापलेला. तो गेरूत बुडवायचा आणि एकमेकांवर चालवायचा. बनियनवर जिथं लाल उमटेल तिथं आपण कापले गेलो. पहिल्या दिवशी मी तासाभरात इतक्या वेळा मेलो की मोजायची सोय नव्हती. घरी बायकोनं बनियन बघून तोंडाला पदर लावला. बेटीबाय मात्र थेट हॉलच्या दारात येऊन उभी राहिली. गेरूचे डाग दगडावर आपटून निघत नाहीत, तुम्ही मरा पण बनियन मारू नका, नीळ वापरा, निदान कपडे तरी पांढरे होतील. तेव्हापासून आम्ही निळे मरायला लागलो.

भाऊंचा जीव त्यात रमत नव्हता. आठवडाभर राबून हाताशी येणारा एक रविवार, तोही मरायच्या तालमीत जायचा. जोडीला उभे राहिले की ते आधी बाकाचा आधार घेऊन एक श्वास सोडायचे. मी विचारायचो, आज राहू दे का? ते म्हणायचे, ‘नको मास्तर. बेटी विचारते, आज काय शिकलात.’

पण त्यांना एक गोष्ट काही केल्या येईना. मी दांडा घेऊन अंगावर गेलो की त्यांचा उजवा हात मागं जायचा. हॉलमध्ये आकडी नसायची, कोयता नसायचा, तरी हात रिकाम्या कमरेवर जाऊन चाचपायचा, आणि तोवर माझी निळी रेघ त्यांच्या पोटावर उमटलेली असायची. एकट्या भाऊंचं नव्हे, वाडीवाले सगळेच तसे. वस्ताद कपाळाला हात लावून बसले. हातात हत्यार नसताना मेला तर मेला, पण हा तर हत्यार शोधत मरणार. शिवाय समोरच्याला काय कळतं? त्याला हात मागं जाताना दिसतो. जो नुसता धमकावायला आलेला असतो, तोही मग घाबरून वार करतो. भाऊंना त्यांनी सांगितलं की आकडी घरी खुंटीला टांगा, वाडीतसुद्धा बांधू नका.

भाऊंना ते फार लागलं. आकडी बेटीबायनं काढून घेतली आणि घरातल्या क्रूसाखालच्या खिळ्याला टांगली. कोयता टोपलीतून जाऊ लागला. दिवसभर भाऊंचा हात मागं जायचा, काही न सापडता परत यायचा, मग ते टोपली कुठं ठेवली ते शोधत वाडीभर फिरायचे. कामाला दुप्पट वेळ लागायचा. ‘कोयता जड नव्हता,’ ते एकदा म्हणाले, ‘हे नसणंच जड हाय.’

तोड निघाली ती एका नारळामुळे. एका रविवारी तालीम चालू असताना हॉलच्या पत्र्यावर माडावरून नारळ पडला. बंदूक सुटावी तसा आवाज झाला. आम्ही सगळे दचकलो, आणि हॉलमधल्या प्रत्येकाचा उजवा हात कपाळावर गेला. आमच्याकडे लहान मूल बोलायच्या आधी क्रूसाची खूण करायला शिकतं. दचकलं की हात कपाळाला, मग छातीला, मग खांद्यांना. कुणाला त्यात काही वाटलं नाही. वस्ताद मात्र आमच्याकडे बघतच राहिले. परत करा म्हणाले. आम्ही केलं. मधेच थांबा म्हणाले. हात कपाळावर असतानाच आम्ही थांबलो. मग त्यांनी दांडा उचलला आणि भाऊंच्या गळ्यावर चालवला. निळी रेघ गळ्यावर उमटली नाही. कोपरापासून मनगटापर्यंत, हाताच्या बाहेरच्या बाजूला उमटली.

‘हे तुमाला आयनं शिकवलंय,’ वस्ताद म्हणाले. ‘कोयत्याच्या आधीचं हाय हे.’

फादरांच्या कानावर गेलं तेव्हा ते आले, दारात उभे राहून त्यांनी थोडा वेळ बघितलं आणि म्हणाले की ही प्रार्थनेची खूण आहे, तालमीतला डाव नव्हे. वस्तादांनी हात जोडले. ‘फादर, त्या टायमाला ती प्रार्थनाच असंल,’ ते म्हणाले. फादर म्हणाले, मग ‘पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने’ हे शब्दही म्हणत जा. तेव्हापासून हॉलमध्ये ‘पित्याच्या’ असा एकच घोष व्हायचा. पुत्रापर्यंत कुणीच पोचायचं नाही, तोवर दांडा आलेला असायचा.

हॉलमध्ये जमतं आणि वाडीत विसरतं, म्हणून बेटीबायनं घरची तालीम सुरू केली. भाऊ पाट मोकळा करत असले की ती मागून येऊन पातेल्यावर पळी आपटायची. जेवताना पाठीमागं दार धाडकन लावायची. सुरुवातीला हात मागं जायचा आणि ती म्हणायची, ‘मेलात.’ मग परत. मी कुंपणावरून बघायचो. पाण्याची बादली घेऊन निघालेला थकलेला माणूस, मागं पातेलं घेऊन टपलेली त्याची बायको. हसू यायचं, पण ते टिकायचं नाही, कारण ती खेळत नव्हती. ईस्टर आला तोवर पातेलं वाजलं की हात सरळ कपाळावर जायला लागला. बेटीबायनं त्या दिवशी कोंबडी केली.

मे महिन्यात तो माणूस आला, या वेळी दोघं मिळून. भरदुपार होती. भाऊ विहिरीपाशी पंप चालू करून वळले आणि तो मागंच उभा होता. पुढचं मी भाऊंकडूनच ऐकलं, तेही तुकड्यातुकड्यांनी. तो काही बोलला नाही, केळं खाल्लं नाही. सुरा वर आला तेवढा दिसला. भाऊंचा हात कपाळावर गेला, तोंडातून ‘पित्याच्या’ निघालं, आणि हाताला थंड लागलं. दुखलं नाही, नुसतं थंड. मग ते पळाले. नुकतंच पाणी सोडलेलं, पाट भरलेले, चिखल झालेला. भाऊंच्या पायांना प्रत्येक पाट ठाऊक. मागच्या दोघांच्या पायांत बूट होते. एक आडवा झाला, दुसरा त्याला उचलायला थांबला, आणि भाऊ केळींमधून घराच्या ओट्यावर येऊन बेटीबायच्या पायाशी बसले.

तिची हाक ऐकून मी धावलो. तिनं दोरीवरचं बनियन ओढून हाताला गच्च गुंडाळलं होतं. निळीचे फिकट डाग असलेलं तेच बनियन, आणि त्यावरून आता लाल पसरत होतं. आम्ही केळीच्या टेंपोत त्यांना घालून दवाखान्यात नेलं. बेटीबाय हात वर धरून बसली होती. वाटेत भाऊ माझ्याकडे वळून बोलले.

‘मास्तर, मला वाटायचं, विहिरीसाठी मी जीव देईन. पळायला लागलो आन् एकदा पन विहीर आठवली नाय. नुसतं घराचं दार दिसत होतं.’

बेटीबायनं त्यांचा हात आणखी घट्ट धरला.

जखम भरली. कोपराजवळून मनगटापर्यंत एक रेघ राहिली, बरोबर जिथं निळी उमटायची तिथं. पण आतलं काही तरी तुटलं होतं ते तुटलंच. बोटं मिटेनात. कोयता धरला की सुटून पडायचा. भाऊंनी डाव्या हातानं लोंगर कापून पाहिले, एक लोंगर पायावर पडला, तेव्हा बेटीबायनं कोयता उचलून ठेवून दिला. पाऊस सुरू व्हायच्या आधी भाऊंनी विहिरीसकट कोपरा देऊन टाकला.

मग काय, गावाला तोंड फुटलं. एवढं शिकून शेवटी शेपूटच घातली ना, असं आगाशीच्या बाजारात माझ्यासमोर एकजण म्हणाला. हा तोच, जो पहिल्या रविवारी लाथ घालून बाकावर पडला होता आणि दुसऱ्या रविवारी आला नव्हता. मी त्याला भर बाजारात वाटेल ते बोललो. मास्तर माणसाला शोभणार नाही असं बोललो आणि त्याचं मला आजही काही वाटत नाही. दुसऱ्याच्या गळ्यावर शूर होणं फार स्वस्त असतं. विहीर वाचवायला हवी होती तर ती गावानं वाचवायची होती, बावन्न वर्षांच्या एकट्या माणसानं नव्हे.

वस्ताद एकदा घरी येऊन गेले. भाऊंचा हात त्यांनी आपल्या हातात घेऊन उजेडाकडे धरला, बोटं एकेक करून वाकवून पाहिली. भाऊ म्हणाले, ‘वस्ताद, विहीर दिली.’ वस्ताद म्हणाले, ‘माझ्या शिकवनीत पहिलंच ते होतं.’ पण हे म्हणताना ते भाऊंकडे बघत नव्हते. जाताना त्यांनी ओट्यावर बराच वेळ चपला शोधल्या, त्या समोरच होत्या.

टँकर रात्रंदिवस भरत राहिले. दोन उन्हाळ्यांत विहिरीला मचूळ पाणी लागलं, तिसऱ्या उन्हाळ्यात खारट. टँकरवाले पुढच्या विहिरीवर गेले. भाऊंची वाडी उरली ती पावसापुरती. त्या खाऱ्या विहिरीकडे बघून मला संताप यायचा, आणि कुणावर काढायचा ते कळायचं नाही. भाऊंना संताप यायचा नाही. कसं काय विचारलं तर ते पूर्वीसारखेच ‘दमलो’ म्हणायचे. आता काम नव्हतं, तरी दमलो.

भाऊ हल्ली दिवसभर ओट्यावर बसलेले असतात. रस्त्यावरून मोटारसायकल गेली की त्यांचा हात कपाळाला जातो. पोस्टमन मागच्या वाटेनं आला की कपाळाला, वाऱ्यानं दार आपटलं की कपाळाला. न मिटणारी ती बोटं कपाळावर टेकतात, ओठ हलतात, आणि मग खूण पुरी न होताच हात मांडीवर येऊन पडतो. नव्यानं राहायला आलेले लोक एकमेकांना कौतुकानं सांगतात, काय देवभोळा म्हातारा आहे बघा, सारखी प्रार्थना चालू असते.

ती आकडी अजून घरात क्रूसाखाली टांगलेली आहे. बेटीबायनं पायात जुन्या लाकडी तळाच्या सपाता घातलेल्या असतात, घरातसुद्धा. मी एकदा विचारलं, या कशाला वागवता, पाय दुखत नाहीत का? ती म्हणाली, दुखतात. मग चहा घेऊन ती आतून ओट्यावर निघाली, मुद्दाम पाय घाशीत, आवाज करीत, आणि दारापाशी थांबून हळूच म्हणाली, ‘कोन नाय हो. मीच हाय.’ भाऊंचा हात मांडीवरून अर्धा उचलला होता. तो तिथंच थांबला, आणि मग त्यांनी तो पुढं करून चहाचा कप डाव्या-उजव्या दोन्ही हातांत मिळून धरला.